आपोआप वाळलेला उंबर

ॲन्सेल्म फुर्टाडोला तुळिंजमधले लोक पाप करण्यासाठी बोलावत असत.

इमारतीच्या भेगेत, गच्चीच्या कठड्यात किंवा सांडपाण्याच्या पाइपामागे पिंपळ, वड अथवा उंबर उगवला, की तो उपटायचा कुणी, हा प्रश्न तुळिंजपासून चंदनसारपर्यंतच्या प्रत्येक सोसायटीत पावसाळा सरला की हटकून निघे. पिंपळाला हात लावला तर वंश बुडणार, उंबराला लावला तर दत्तगुरू कोपणार, आणि कशालाच न लावला तर स्लॅब गळणार. यावर आपल्या सुशिक्षित, पगारदार, घरात विज्ञानाच्या पदव्यांच्या तसबिरी लावलेल्या मंडळींनी काढलेला तोडगा असा, की स्टेशनच्या पश्चिमेकडून एका ख्रिस्ती माणसाला बोलवावे. त्याचा देव निराळा, म्हणजे त्याच्या पापाचा निवाडाही निराळ्या दरबारी होणार. छिन्नी त्याच्या हाती, भिंत आपली कोरडी.

"अंकल, तुमच्यात चालतं ना हे?" खिडकीतून डोकावून एखादी बाई हटकून विचारी.

"आमच्यात सगळं चालतं, बाई. फक्त आयतवारी नको," दोराच्या झोपाळ्यावर लोंबकळणारा ॲन्सेल्म सांगे आणि छिन्नीवर हातोडी घाली. बाई हात जोडून खिडकी लावून घेई.

भाईंदरच्या एका रंगाच्या कारखान्याने १९९१ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्याला घरी बसवले होते. विहिरी साफ करण्याचे काम मात्र त्याला बापापासून येत होते. विहिरीच्या दगडी बांधकामात रुजलेला उंबर काढणे आणि चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरामागचा पिंपळ काढणे यांत त्याला फरक दिसला नाही. मूळ उघडे करायचे, भोक पाडायचे, त्यात हिंग ठासायचा, वर चुना लिंपायचा. दहा वर्षांत त्याने किती झाडे मारली, हे त्यालाही सांगता आले नसते.

ती झाडे कोण पेरतो, हे मात्र तो अचूक सांगे. कोवळ्या रोपाजवळच्या भिंतीवर पांढरा ओघळ असला की बुलबुल किंवा साळुंकी, पाइपाच्या वाकणावर असला की तांबट. पूर्वी ही पाखरे वाडीच्या बांधावर, विहिरीच्या काठावर, ताडाच्या झावळ्यांच्या बेचक्यात बी टाकीत. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, तरी पाखरांनी आपला धर्म सोडला नाही. त्यांना बसायला जे मिळाले त्यावर त्यांनी पेरणी चालू ठेवली. "आपल्यापेक्षा तीच बरी," बायको सालोमी म्हणे, "सातबारा न बघता पेरतात."

ॲन्सेल्मची स्वतःची वाडी कळंबच्या रस्त्याला लागून होती. वाडी म्हणायची ती सवयीने. भाऊ सॅन्टन याने आपला वाटा विकल्यावर उरला होता केळीचा एक पट्टा, विहीर, आणि कोपऱ्यात उभे असलेले एक झाड. तीन बाजूंना चार-चार मजले उठले होते आणि दुपारी तीननंतर केळीवर ऊन पडत नसे.

त्या झाडाला गावात नाव नव्हते. ॲन्सेल्मचा बाप त्याला 'डोंगरी' म्हणे, कारण तसे झाड सखल भागात दुसरे कुणी पाहिले नव्हते. तुंगारेश्वराच्या ओहळात, जिथे उन्हाळ्यातही दगड ओले असतात, तिथे अशी झाडे आहेत, असे लाकडाला जाणारे लोक सांगत. बारमाही हिरवेगार, अंधारी सावली देणारे. चैत्रात त्याची फळे तीन पाकळ्यांनी उकलत आणि आत लालभडक सालीचे काळे बी दिसे. बुलबुलाने त्या बियांवर चोच मारून पाहावी आणि सोडून द्यावी. एवढे मोठे बी त्याच्या घशातून उतरायचे नाही. ते गिळू शके एकच पक्षी, धनेश. राखी रंगाचा, वाकड्या मोठ्या चोचीचा, उडताना मधेच पंख मिटून तरंगणारा. आपल्या आजोबांच्या वेळी अशाच एका धनेशाने डोंगरावरून ते बी आणून विहिरीच्या काठी ओकले, असे बाप सांगे, आणि ॲन्सेल्मला त्यात अविश्वास ठेवण्यासारखे काही वाटत नसे.

पण आणलेले बी परत न्यायचे कुणी? डोंगरीच्या बुंध्याभोवती दरवर्षी जूनमध्ये रोपांचा गालिचा उगवे आणि ऑक्टोबरपर्यंत साफ होऊन जाई. काही रोपे आईच्या सावलीत गुदमरत, काहींना अळी पोखरी. ॲन्सेल्मने रोपे डब्यांत लावून लोकांना वाटून पाहिली. एकाने गॅलरीत ठेवले, आणि सहा महिन्यांनी पाने पडून कचरा होतो म्हणून परत आणून दिले. एकदा तो पिशवीभर बिया घेऊन स्वतः डोंगरावर गेला. त्याने त्या ओहळाच्या काठी पुरल्या, आणि पुढच्या वर्षी जाऊन पाहिले तो रानडुकरांनी सारी जागा उकरून ठेवली होती. धनेश हजार जागी एकेक बी टाकतो. माणूस एका जागी हजार टाकतो. एवढी समज त्याला आली, पण पंख काही आले नाहीत.

धनेश १९९७ साली दिसला. ॲन्सेल्म तुळिंजमध्ये एका गच्चीवर काम करीत होता. शेजारच्या इमारतीच्या आवारातल्या उंबरावर तो राखी पक्षी बसला होता. चोचीच्या टोकाने उंबर तोडून, वर उडवून, घशात झेलीत होता. घटकाभराने तो पश्चिमेकडे निघाला. ॲन्सेल्मने हत्यारे तशीच टाकली आणि सायकल हाणीत, रेल्वेचे फाटक ओलांडून, घर गाठले. सालोमी विहिरीवर उभी राहून वर पाहत होती.

"तुझा पाहुना आलाय," ती म्हणाली.

लोक समजतात पक्ष्याला काय, आभाळ मोकळे. धनेशाच्या बाबतीत ते खरे नाही. उघड्यावरून लांबवर उडणे त्याला आवडत नाही. तो झाडावरून झाडावर येतो, आणि तेही पोटाला काही मिळणार असेल तर. पुढच्या तीन वर्षांत ॲन्सेल्मने त्याची वाट पक्की समजून घेतली. डोंगर उतरून हायवेजवळचा वड, मग चंदनसारला तळ्याकाठचे पिंपरीचे झाड, मग तुळिंजचा उंबर, आणि तिथून रेल्वेवरून एका दमात थेट डोंगरी. वड आणि पिंपरी वर्षातून एखाद-दोनदा फळत. उंबर मात्र तीन-चारदा बहरे, आणि नेमका रान कोरडे पडलेले असताना. ही एक पायरी निघाली की जिना संपला. एका पावसाळ्यात त्याला उंबराखाली डोंगरीचे रोप सापडले, बोटभर, दोन पानांचे. म्हणजे बी उलट दिशेने एक मुक्काम परत गेले होते. सहाव्या दिवशी सोसायटीच्या झाडूवाल्याने ते गवताबरोबर उपटले. तरी ॲन्सेल्म महिनाभर खुशीत होता. आज तुळिंज, उद्या चंदनसार, परवा डोंगर. आपल्या हयातीत एक तरी बी घरी पोहोचावे, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती सारी त्या उंबरावर लटकली होती.

आता त्या उंबराविषयी. ती जागा पूर्वी शेत होती आणि उंबर तिथल्या विहिरीच्या काठी होता. बिल्डरने विहीर बुजवली. उंबर तोडायला मजूर तयार होईनात म्हणून कुंपणाची भिंत वाकडी बांधली, आणि त्या बाजूचे तळमजल्याचे फ्लॅट स्वस्तात काढले. त्यांतला एक १९९६ साली ॲन्सेल्मच्या मुलाने, नेल्सनने, घेतला. बापाच्या वाडीत दुसरे घर उठवायला जागा नव्हती, आणि सुनेला, आग्नेसला, कामावर जायला स्टेशन जवळ हवे होते.

उंबराला पाणी हवे असते. विहीर बुजल्यावर त्याची मुळे दुसरे पाणी शोधत निघाली आणि ते त्यांना संडासाच्या टाकीत सापडले. २००० सालच्या पावसाळ्यात नेल्सनच्या न्हाणीघराची फरशी उचलली गेली आणि मोरीतून मैला उलटा येऊ लागला. ऑक्टोबरात त्याच्या चार वर्षांच्या मुलीला, प्रीतलला, विषमज्वर झाला. एकवीस दिवस ती दवाखान्यात होती. ती घरी आली तेव्हा तिचे केस गळले होते आणि तिला भिंत धरूनही उभे राहता येत नव्हते.

"पप्पा, सगळ्या तुळिंजची झाडं तुम्ही काढता," नेल्सन म्हणाला. "माझ्या दारचं तेवढं तुम्हाला दिसत नाही?"

"टाकी दुसरीकडे घेता येईल."

"कुठे? गच्चीवर?"

आग्नेस मुलीला भरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "राहू द्या. पप्पांना पाखराची काळजी आहे."

नात आणि पाखरू दोन्ही सांभाळता आली असती, तर ही हकिगत लिहिण्याचे कारण उरले नसते.

सोसायटीचे चेअरमन श्रीरंग साटेलकर हे मंत्रालयात कक्ष अधिकारी होते. जानेवारीत त्यांनी ॲन्सेल्मला बोलावून चहा पाजला, आणि कार्यालयीन टिपणी वाचावी तशा स्वरात विषय मांडला.

"हे बघा फुर्टाडो, झाड तोडायचं नाही. तोडलं असं कुणी म्हणता कामा नये. ते आपोआप वाळलं पाहिजे."

"आपोआप कसं वाळेल, साहेब?"

"ते तुम्ही बघा. तुमचा हातखंडा आहे. आम्हाला काही सांगू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी, सगळे कामावर गेल्यावर, ॲन्सेल्म भिंतीच्या मागच्या बाजूने आत शिरला. गुडघाभर उंचीवर, जिथे वाळका टाकळा दाट उभा होता, तिथे त्याने बुंध्याची साल सभोवार चार बोटे रुंद सोलून काढली. पांढरा चीक त्याच्या मनगटांवरून ओघळला. साल अशी वेढून काढली की पानांनी बनवलेले अन्न मुळांकडे उतरत नाही. मुळे उपासमारीने मरतात आणि मग झाड. पण ते मरण सावकाश येते. हिंग मात्र त्याने भरला नाही. उन्हाळ्यातला एक बहर तरी निघावा, डोंगरीची फळे उकलतील तेव्हा धनेशाला मुक्काम मिळावा, एवढी सवलत त्याने स्वतःच्या अधिकारात दिली. जखमेवर चिखल थापून तो घरी आला.

शनिवारी तो चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, बसला.

"फादर, मी एक झाड मारलं."

जाळीमागून प्रश्न आला, "कुणाच्या मालकीचं?"

"दत्ताच्या."

"ॲन्सेल्म, झाड कापणं हे पाप नाही. आणखी काही?"

आणखी काही नव्हते. तो गुडघ्यावरून उठला तो आला तसाच जड. हिंदूंच्या दरबारी त्याचे पाप चालत नव्हते आणि स्वतःच्या दरबारी ते दाखल होत नव्हते.

मार्चमध्ये उंबराने जे केले ते तुळिंजने पूर्वी पाहिले नव्हते. खोडावर, फांद्यांवर, जखमेच्या वरच्या बुंध्यावर, सालीला जागा उरू नये असे घोस लगडले. मरणाच्या वाटेवरचे झाड असे फळते. वाडीतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. मुळांकडे जाणारे सारे वरच अडकलेले असते, ते फळांत उतरते. पाखरांची जत्रा भरली. तांबट, हळदे, पहाटे हिरव्या होल्यांचा थवा. आणि एक सोडून दोन धनेश. दोघे आळीपाळीने पश्चिमेकडे जात, परत येत. सालोमीने निरोप धाडला, की डोंगरीखाली लाल सालीचा नुसता सडा पडलाय, बी एक नाही.

ॲन्सेल्म गच्च्यांवरची कामे सोडून नेल्सनच्या गॅलरीत बसू लागला. मांडीवर प्रीतल. पक्ष्याने उंबर झेलला की ती टाळ्या वाजवी.

पण त्याच्याखेरीज आणखी लोक वर पाहू लागले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना स्वप्नात उंबराखाली पादुका दिसल्या. गुरुवारी पाच जणी आल्या, पुढच्या गुरुवारी पंचवीस. तळमजल्यावरची ख्रिस्ती पोर एवढ्या तापातून उठली ती याच झाडाच्या कृपेने, असेही कुणी शोधून काढले. आग्नेसने ते दारात उभे राहून ऐकले आणि दार लावून घेतले. आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी साटेलकरांच्या हस्ते नारळ फुटला. उंबराभोवती पार बांधायचा ठराव एकमताने झाला. टाकी दुसरीकडे, पार्किंगखाली, हलवायचेही ठरले. जागा नाही म्हणून पावसाळ्यापासून अडलेले ते काम देव येताच आठ दिवसांत मार्गी लागले.

ॲन्सेल्मला हसावे की रडावे कळेना. ज्यासाठी झाड मारले ते कारणच निघून गेले होते. आणि झाड अजून हिरवे होते. वाचवायला वेळ होता. घुशीने कुरतडलेला चिकू त्याच्या बापाने एकदा असाच वाचवला होता. जखमेच्या खालच्या सालीपासून वरच्या सालीपर्यंत कोवळ्या काड्यांचे पूल कलम करून बसवायचे, मेण लावून बांधायचे. दोन-तीन जरी धरले तरी रस वाहू लागतो. त्याने धारदार सुरी घेतली, मेण घेतले, आणि तुळिंजला आला. गवंडी दोन फूट उंच बांधकाम पुरे करून वर पांढऱ्या फरशा बसवत होता. बुंध्याची जखम आत, विटा आणि सिमेंटच्या पोटात गेली होती.

तो तसाच पहिल्या मजल्यावर गेला. साटेलकर वर्तमानपत्र वाचत होते.

"साहेब, पार उकलावा लागेल. आजच्या आज. मी कलम बांधतो. धरलं तर झाड जगेल."

"कसलं कलम? झाडाला काय झालंय?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं..."

"मी?" साटेलकरांनी चष्मा काढला. "मी तोडू नका म्हणालो होतो, फुर्टाडो. त्या वेळी माझी मिसेसही इथेच होती."

"साहेब, मी साल काढलीय. दिवाळीपर्यंत पानं जातील."

साटेलकर उठले, आतल्या खोलीचे दार ओढून घेऊन परत बसले. आवाज उतरला. "ओरडू नका. समजा, मी पार फोडायला सांगितला. लोक विचारतील का? मग तुमचं नाव सांगावं लागेल. तुम्ही, म्हणजे तुमच्यातल्या माणसानं, दत्ताचं झाड मारलं. काळ कसा आहे बघताय ना? तुमचा मुलगा खाली राहतो. लहान पोर आहे."

"आणि झाड?"

"झाड गेलं तर गेलं. देवाची इच्छा. आम्ही काही तोडलेलं नाही."

ॲन्सेल्म जिना उतरला. पाराशी बायका रांगोळी काढत होत्या. एकीने त्याला प्रसाद दिला, "घ्या अंकल, तुमच्यात चालतं ना?" त्याने घेतला. नेल्सनला त्याने सारे सांगितले. नेल्सन म्हणाला, "पप्पा, तोंड उघडू नका. मला इथं राहायचंय." यात त्याचे काय चुकले? त्याने फ्लॅट घेतला होता तो राहण्यासाठी, साक्ष देण्यासाठी नव्हे. तरीही मे महिन्यात एकदा, सुट्टीमुळे सोसायटी ओस असताना, ॲन्सेल्म छिन्नी घेऊन पाराच्या मागच्या अंगाला बसला. त्याने दोन फरशा उचकटल्या. तिसरीपाशी वॉचमन शत्रुघ्न धावत आला.

"अरे अंकल, क्या करते हो? भगवान का है!"

त्याने फरशा जागेवर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत त्या सिमेंटने पक्क्या झाल्या होत्या, आणि त्याच्याकडे पाहून लोक बोलणे थांबवू लागले होते. कामाला बोलावणेही हळूहळू बंद झाले. झाडे मारणारा माणूस म्हणून ज्यांनी त्याला दहा वर्षे शोधून आणला, त्यांना आता त्याच्या हाताचा भरवसा वाटेना.

भाद्रपदात वरची पाने पिवळी पडली. कीड लागली म्हणून बायकांनी मुळाशी दूध आणि ताक ओतले. दिवाळीला फांद्या उघड्या झाल्या. पुढच्या वर्षीच्या होळीपर्यंत उंबर पुरता वाळला होता. कुणी म्हणाले सोसायटीत कुणीतरी विटाळ केला. कुणी म्हणाले देवाने आपले काम केले आणि गेला. कुणाचे नाव कुणी घेतले नाही. साटेलकरांनी शब्द पाळला, असे म्हणायला हवे.

त्या चैत्रात डोंगरीची फळे उकलली. ॲन्सेल्म चार दिवस विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. पाचव्या दिवशी तो तुळिंजला नेल्सनच्या गॅलरीत जाऊन बसला. सकाळी नवाच्या सुमारास धनेश आला, एकटाच. उंबराच्या शेंड्यावर, सालही उरली नव्हती अशा फांदीवर टेकला. त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. चोच फांदीवर दोनदा घासली. पश्चिमेला रेल्वेपलीकडे, इमारतींच्या मागे, डोंगरीचा शेंडा दिसत नव्हता. दिसला असता तरी त्या पक्ष्याला रिकाम्या पोटी तेवढे उघडे आभाळ ओलांडवले असते की नाही, कोण जाणे. तो उडाला तो पूर्वेकडे.

"आजोबा, तो खाली का नाय आला?" प्रीतलने विचारले.

"त्याला खायला काय नाय इथं."

"मग आपण देऊ."

जूनच्या आधी सोसायटीने वाळके झाड पाडून घेतले. वाळक्या झाडात देव नसतो, असे भटजींनी सांगितल्यामुळे त्या कामाला कुणाचीच हरकत नव्हती. विरारचे दोन मजूर आले आणि दुपारपर्यंत ओंडके टेम्पोत चढले. त्यासाठी ख्रिस्ती माणसाची गरज पडली नाही. ॲन्सेल्मला कुणी कळवलेही नाही.